पंचावन्न हजारांचा डबा घ्यावा, की गेम आता ढगातूनच येणार?

गोदाकाठची_स्वाती (६ डिसेंबर २०२५, रात्री ९:१२)

नमस्कार मंडळी. मला गेममधलं ओ की ठो कळत नाही, त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटला तर सांभाळून घ्या.

चिरंजीव अकरावीत आहेत. दहावीला बरे मार्क पडले तर प्लेस्टेशन (टीव्हीला जोडायचं सोनीचं गेमचं मशीन, त्याला कन्सोल म्हणतात) घेऊन देईन, असा शब्द माझ्या सासऱ्यांनी त्याला दिला होता. मार्क पडले. "गणपतीत घेऊ, दिवाळीत घेऊ" करत डिसेंबर उजाडला. दुकानात डिस्कवाला पीएस५ (म्हणजे प्लेस्टेशन ५) ५४,९९० सांगितला, वर गेम वेगळे, नवा गेम चार-पाच हजारांचा. सासरे तयार, अहो गप्प (म्हणजे नाखूश).

त्यात मागच्या रविवारी पुण्याहून पुतण्या आला. तो आयटीत आहे. म्हणाला, "काकू, डबा कशाला घेताय? गेमचं पण आता नेटफ्लिक्ससारखं झालंय. गेम चालतो कंपनीच्या सर्व्हरवर, आपल्याकडे फक्त चित्र येतं. महिन्याला पाचशे रुपये भरा. दोन-तीन वर्षांत कन्सोल भंगारात जाणार." चिरंजीवांचं तोंड बघण्यासारखं झालं. सासरे मात्र विचारात पडले. त्यांनी १९९७ साली हौसेने पेजर घेतला होता. "स्वाती, हे पेजरसारखं तर होणार नाही ना?" असं तेव्हापासून चार वेळा विचारून झालंय.

घरी फायबर आहे, १०० एमबीपीएसचं. राउटर सासऱ्यांच्या खोलीत देवघराच्या वर, टीव्ही हॉलमध्ये. टीव्ही सहा वर्षांचा. घ्यावा का डबा?

बुडालेलं_बिस्कीट (६ डिसेंबर, रात्री ९:३०)

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही हाच तिढा आहे, फक्त हट्ट मुलाचा नाही, नवऱ्याचा आहे.

पिंग_पंडित (६ डिसेंबर, रात्री ११:०५)

स्वातीताई, पुतण्या खोटं बोलत नाहीये. गेल्या महिन्यात मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचं क्लाऊड (सर्व्हरवरून खेळायची सोय) भारतात रीतसर सुरू झालं आणि त्यांच्या ४९९च्या प्लॅनमध्येही ते मिळतं. फक्त नेटफ्लिक्सची उपमा चुकली.

सिनेमा आधीच तयार असतो. त्यामुळे पुढचा अर्धा मिनिट आधीच आणून ठेवता येतो. मधे दोन सेकंद नेट गेलं तरी तुम्हाला पत्ता लागत नाही. गेममध्ये पुढचं चित्र कोणतं हे मुलाच्या अंगठ्यावर ठरतं. अंगठा हलल्याशिवाय ते चित्र जगात नसतंच, मग आणून काय ठेवणार? बटण दाबलं की तो निरोप सर्व्हरला जातो, तिथे चित्र तयार होतं, त्याचा व्हिडिओ केला जातो, तो घरी येतो, टीव्ही तो उलगडतो. हे सगळं सेकंदाला साठ वेळा.

लोकांना वाटतं अडचण अंतराची आहे. हिशोब करून बघा. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर धावतो. सर्व्हर मुंबईत धरला आणि नाशकापर्यंत तार २०० किलोमीटर धरली, तर जाऊन-येऊन २ मिलिसेकंद. गेमचं एक चित्र पडद्यावर १६-१७ मिलिसेकंद टिकतं, म्हणजे हे किरकोळच. सर्व्हर सिंगापूरला असेल तर नुसत्या तारेतच ४०च्या वर जातात. म्हणून सर्व्हर देशात येईपर्यंत आपल्याकडे या प्रकरणात दम नव्हता.

खरी वाट लागते ती शेवटच्या दहा मीटरमध्ये. म्हणजे तुमच्या देवघरावरून हॉलपर्यंत.

मी मागच्या आठवड्यात घरी मोजलं. फोनचा कॅमेरा २४० फ्रेमच्या स्लो-मोशनवर लावला (एक फ्रेम म्हणजे ४ मिलिसेकंद) आणि अंगठा व पडदा दोन्ही एकाच चौकटीत घेतले. मग बटण दाबल्यापासून माणूस उडी मारेपर्यंत फ्रेमा मोजल्या. बायको म्हणाली, हा माणूस रविवारी असले उद्योग करतो. आकडे असे आले: कन्सोल थेट टीव्हीला, २२ ते २४ फ्रेमा. क्लाऊड, लॅपटॉपला राउटरची वायर लावून, ३६ ते ४०. क्लाऊड वाय-फायवर सकाळी, ४० ते ४५. तेच रात्री नऊला, कधी ४२, कधी ७०, आणि एकदा तर मोजायचं सोडून दिलं.

एक गोष्ट लक्षात घ्या. उशीर ठरावीक असला तर हाताला सवय होते, खेळता येतं. पण कधी ४२ कधी ७० असं झालं की हात काही शिकतच नाही. क्रिकेटच्या गेममध्ये मी एकाच बॉलरला तीनदा सारखीच बॅट फिरवली. एकदा चौकार, एकदा कॅच, एकदा बोल्ड.

अवांतर: टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो लावा. नाहीतर टीव्ही स्वतःच चित्र गोंडस करण्यात वेळ खातो. कन्सोल घेतलात तरीही लावा.

खोली_नं_३०७ (७ डिसेंबर, दुपारी १२:२०)

काकू, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलला राहतो. इथे सगळे कन्सोलवालेच बोलणार, म्हणून माझी बाजू मांडतो.

एका खोलीत आम्ही चौघे. टीव्ही नाही. एक प्लग पॉइंट, त्याला एक्स्टेंशन, त्याला अजून एक एक्स्टेंशन. ५५ हजारांचा डबा आणला तर ठेवायचा कुठे, आणि सुट्टीत घरी जाताना ठेवायचा कोणाच्या भरवशावर? मी फोनला चिकटणारा सतराशे रुपयांचा कंट्रोलर घेतलाय. रूममेट आणि मी मिळून महिन्याचे पैसे भरतो. लोखंडी कॉटवर आडवा होऊन जे गेम खेळतोय ते आमच्या गावातल्या एकाही माणसाने कन्सोलवर पाहिलेले नाहीत.

लॅग (बटण आणि चित्र यांतला उशीर) आहे, मान्य. शूटिंग खेळलो की कायम पहिला मरतो. पण गोष्टीचे गेम, पझल, टर्न घेत खेळायचे गेम मस्त चालतात. आणि गेम डाउनलोड करायला शंभर जीबी जागा लागत नाही. सीडी गेली, डीव्हीडी गेली, हे पण जाणार. दादा लोक मानत नाहीत एवढंच.

पिंग_पंडित (७ डिसेंबर, दुपारी १:०२)

३०७, हॉस्टेलचं वाय-फाय गेमिंग चालू देतं?

खोली_नं_३०७ (७ डिसेंबर, दुपारी १:०५)

नाही देत. ५जी वर खेळतो. टॉवर खिडकीसमोर आहे म्हणून जमतं. म्हणून खिडकीजवळची कॉट मिळावी यासाठी मी एक सेमिस्टर एकाची असाइनमेंट लिहिली आहे.

पिंग_पंडित (७ डिसेंबर, दुपारी १:११)

हाहा. स्वातीताईंसाठी एवढंच सांगतो, हे ४जी च्या रोज दीड जीबीवाल्या रिचार्जवर करू नका. १५ एमबीपीएसने खेळलं तर तासाला पावणेसात जीबी लागतात. दीड जीबी तेरा मिनिटांत संपतो. घरच्या फायबरला ती चिंता नाही.

यॉर्कशायरचा_जोशी (७ डिसेंबर, सायं. ६:४०)

लीड्सहून लिहितोय. इकडे हा तमाशा दोन वेळा बघून झालाय.

ऑनलाइव्ह नावाची क्लाऊड गेमवाली कंपनी अमेरिकेत २०१० साली आली, २०११ मध्ये इकडे ब्रिटनमध्ये. तेव्हाही हेच शब्द होते, कन्सोल संपला. ती २०१५ च्या एप्रिलमध्ये बंद पडली आणि तिचे पेटंट कोणी घेतले? सोनीने. त्याआधी २०१२ मध्ये गाइकाय नावाची अशीच कंपनी सोनीने ३८ कोटी डॉलर मोजून घेतली होती. म्हणजे ज्याला हे मारणार होते, त्यानेच यांना खिशात टाकलं.

मग गूगलची क्लाऊड गेमची सेवा, स्टेडिया. नोव्हेंबर २०१९ मध्ये चौदा देशांत सुरू, भारत त्यात नव्हता. लॉकडाउनमध्ये यूट्यूब प्रीमियमवाल्यांना त्यांनी कंट्रोलर आणि क्रोमकास्टचा (टीव्हीला लावायच्या डोंगलचा) खोका फुकट वाटला, तसा मलाही मिळाला. खरं सांगतो, चालायचं छान. मी त्यावर चार-पाच गेम विकत घेतले. सप्टेंबर २०२२ मध्ये जाहीर झालं की बंद करतोय, आणि १८ जानेवारी २०२३ ला बंद. घेतलेल्या गेमांचे पैसे सगळ्यांना परत दिले, तिथे नाव ठेवायला जागा नाही. कंट्रोलरचं ब्लूटूथ सुरू करून दिलं, तो अजून माझ्या लॅपटॉपला चालतो. पण गेम? बँकेत पैसे आले आणि कपाटात काही नाही.

स्टेडिया नेटच्या वेगामुळे बुडालं नाही, हे लक्षात घ्या. गूगलने स्वतःची वेगळी लिनक्सवरची रचना केली होती. गेम बनवणाऱ्याला तिच्यासाठी पुन्हा मेहनत घ्यावी लागायची, आणि तो म्हणायचा, एवढ्याशा गिऱ्हाइकांसाठी कशाला? गेम नाहीत म्हणून लोक नाहीत, लोक नाहीत म्हणून गेम नाहीत.

आणि तरीही मी हे हसण्यावारी नेणार नाही. मायक्रोसॉफ्टने अ‍ॅक्टिव्हिजन ही गेम बनवणारी कंपनी ६८.७ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, तेव्हा इथल्या स्पर्धा नियामकाने एप्रिल २०२३ मध्ये सौदा अडवला. कन्सोलमुळे नाही, क्लाऊड गेमिंगमुळे! मायक्रोसॉफ्टला क्लाऊडचे हक्क युबिसॉफ्ट या दुसऱ्या गेम कंपनीला द्यावे लागले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये कुठे सौदा झाला. सरकारी माणूस उगाच घाबरत नाही. म्हणजे घाबरतोही, पण इतक्या पानांचा अहवाल लिहून नाही.

डिस्कवाले_काका_सांगली (७ डिसेंबर, रात्री १०:५०)

ताई, मी उशिरा आलो, दुकान बंद करून जेवून लिहितोय. मोठं होणार आहे, आधीच सांगतो.

मी सांगलीत २००५ पासून या धंद्यात आहे. आधी गेमचं पार्लर होतं: चार पीएस२, चार एकवीस इंची डबडी टीव्ही, तासाला वीस रुपये. आमच्याकडं तेव्हा भारनियमन असायचं, दिवसाला पाच-सहा तास लाइट नाही. इन्व्हर्टरवर दोनच टीव्ही चालायचे, त्यामुळे लाइट गेली की कोणते दोघं खेळणार यावरून मारामारी. पोरं कंट्रोलरला 'रिमोट' म्हणायची, अजून म्हणतात. मशीनं (नकली डिस्क चालावी म्हणून) चिप मारलेली होती, डिस्का पन्नास रुपयांच्या होत्या, काय कुठनं यायचं ते सगळ्यांना माहीत आहे. आता साळसूदपणा करत नाही. ओरिजिनल घेणं तेव्हा माझ्या बापाला परवडलं नसतं.

२०१४-१५ नंतर पार्लर मोडलं. मोबाइलने मोडलं, क्लाऊडने नव्हे. हे ध्यानात ठेवा. जे पोरगं वीस रुपये घेऊन यायचं, त्याच्या हातात स्वतःचा पडदा आला. आता मी जुने कन्सोल आणि डिस्का घेतो-विकतो, दुरुस्ती करतो. त्यामुळे 'कन्सोल मरणार का' हा माझ्या पोटाचा प्रश्न आहे. मी खोटं बोलायला मोकळा आहे, हे धरूनच वाचा.

पहिली गोष्ट. ढगात काय आहे, असं वाटतं तुम्हाला? ढगात डबाच आहे. एक्सबॉक्सचं क्लाऊड ज्या सर्व्हरवर चालतं, त्यात त्यांच्या सिरीज एक्स या कन्सोलचंच पोट रांगेनं बसवलंय. प्लेस्टेशनचे पीएस५ गेम ढगातनं देतात, तेही पीएस५च्याच हार्डवेअरवर. लीड्सच्या जोशींनी सांगितलं तेच, गूगलकडं डबा नव्हता म्हणून गेम नव्हते. कन्सोल बंद केला तर त्यांच्या ढगात घालायला काही राहत नाही. बदललंय काय, तर डबा तुमच्या टीव्हीखाली नाही, त्यांच्या गोदामात आहे, आणि भाडं तुम्ही भरताय. पूर्वी माझ्या पार्लरमध्ये भरायचे तसंच. मला तर त्यांचं कौतुकच वाटतं, माझाच धंदा आहे, फक्त दुकान मोठं आहे.

३०७, तू मनावर घेऊ नकोस, पण तू माझं गिऱ्हाईक आहेस. वीस वर्षांपूर्वी जन्मला असतास तर खिडकीजवळच्या कॉटऐवजी माझ्या इन्व्हर्टरच्या टीव्हीसाठी भांडला असतास. तुझं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. ज्याच्या घरात डबा येणारच नव्हता, त्याच्यासाठी ही सोय भारी आहे. पण ज्याचा येणारच नव्हता, त्याच्यामुळे डब्याचा खप कमी कसा होईल?

खप म्हणाल तर पीएस५ २०२५ च्या जूनपर्यंत जगात ८ कोटींच्या वर गेला. निन्टेंडोचा स्विच २ हा कन्सोल २०२५ च्या ५ जूनला आला आणि चार दिवसांत ३५ लाख संपले. मरणाऱ्याच्या घरी अशी गर्दी नसते. एक्सबॉक्सचं मशीन मात्र खपत नाही, ते खरं. त्यांनीच जाहिरात केली की फोनही एक्सबॉक्स, टीव्हीही एक्सबॉक्स. मग गिऱ्हाईक म्हणालं, बरं, मग डबा नको.

आता भाड्याचं. २०२५ च्या ऑक्टोबरात गेम पासचा (एक्सबॉक्सच्या महिन्याच्या वर्गणीचा) वरचा प्लॅन आपल्याकडं ८२९ वरनं १,३८९ झाला. एका फटक्यात. पुतण्या म्हणतो तो ४९९चा खालचा प्लॅन आहे, त्यात गेम कमी. वरचा घेतला तर वर्षाला १६,६६८. तीन वर्षं आणि चार महिन्यांत तुमचा डबा फिटला. आणि चाळिसाव्या महिन्याच्या शेवटी तुमच्या हातात काय? जोशी म्हणाले तसं, कपाटात काही नाही. (सोनीचं म्हणाल तर त्यांचं ढगातनं खेळायचं आपल्याकडं आजही नाही. बाहेर त्यांच्या वरच्या प्लॅनला प्रीमियम म्हणतात, आपल्याकडं ते काढून 'डीलक्स' केलाय.)

पण डबेवालेही काही संत नाहीत. पूर्वी मशीन जुनं झालं की स्वस्त व्हायचं. मी कित्येक बापांना सांगितलंय, "दोन वर्षं थांबा, उतरंल." पीएस५ भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला ४९,९९० ला आला. २०२२ च्या नोव्हेंबरात ५४,९९०. उतरायचं सोडून चढला. अमेरिकेत २०२५ च्या ऑगस्टमध्ये अजून पन्नास डॉलर वाढवले. मी थांबा म्हणून सांगितलेल्या एका बापाला अजून तोंड दाखवत नाही.

आता माझा खरा मुद्दा. मला भीती क्लाऊडची नाही, डिस्कचं भोक (मशीनमध्ये डिस्क घालायची फट) बुजायची आहे.

माझ्याकडं एक वही आहे, दोनशे पानी, स्पायरल. कुठली डिस्क कोणाकडनं आली, कोणाकडं गेली. एक फुटबॉलची डिस्क आहे, २०२२ सालची. पहिल्यांदा कुपवाड एमआयडीसीतल्या एका फिटरनं नवी घेतली, त्याच्याकडनं मी घेतली, मग एक डेंटिस्ट, मग मिरजेतला कॉलेजचा पोरगा, मग परत मी. असे वहीत अकरा माणसं आहेत. नवा गेम चार-साडेचार हजाराचा. तुम्ही माझ्याकडनं दोन हजाराला न्या, दोन महिन्यांनी खेळून आणा, पंधराशे परत देतो. म्हणजे गेम पडला पाचशेला. आपल्यासारख्यांच्या घरात कन्सोल चालतो तो या वहीवर. नव्या किमतीत वर्षाला पाच गेम घेणारं घर माझ्या गिऱ्हाइकांत मला दिसलेलं नाही.

आणि हे भोक बुजत चाललंय. एक्सबॉक्सच्या सिरीज एसला भोक नाही. पीएस५ स्लिमचा ड्राइव्ह काढता-घालता येतो, म्हणजे उद्या नाही दिला तरी चालेल याची तयारी झाली. पीएस५ प्रो बिनड्राइव्हचा आला (तेव्हा तो भारतात आलाच नाही, ती वेगळी कथा). स्विच २च्या काही कार्डांत तर गेमच नाही, नुसती किल्ली, गेम डाउनलोड करा. डबा घरात, पण डिस्क नाही, म्हणजे तो अर्धा ढगातच गेला की! मग पुतण्याचं आणि तुमचं भांडणच उरत नाही. दोन्हीकडं मालक तोच.

एक सांगतो आणि थांबतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये महापुरात दुकानात छातीएवढं पाणी. मशीनं मी आदल्या रात्री वरच्या मजल्यावर नेली, डिस्कांचं एक पोतं राहिलं. आठ दिवसांनी शटर उघडलं तर सगळं गाळात. बायको म्हणाली टाकून द्या. आम्ही बादलीत कोमट पाणी घेतलं, भांड्याचा साबण दोन थेंब, आणि एकेक डिस्क बुचकळून काढली. पुसायचं असं: मऊ फडकं, मधल्या भोकाकडनं कडेकडं सरळ. गोल पुसली की रेघ उठते आणि वाचणाऱ्या किरणाला ती आडवी येते, सरळ रेघ तो ओलांडून जातो. गच्चीत चटईवर १८३ डिस्का वाळत घातल्या होत्या, खाली शेवया वाळत घालतात तशा. पोरं विचारायची, काका, पापड का? त्यातल्या १७१ चालल्या.

तर डबा घ्या. पण भोक असलेलाच घ्या. दोन पैसे वाचतात म्हणून बिनभोकाचा घेतला तर ते पैसे चार गेमांत गेलेच.

बुडालेलं_बिस्कीट (७ डिसेंबर, रात्री ११:२४)

काका, 'भोक' इतक्या वेळा एका प्रतिसादात लिहिणारे तुम्ही पहिलेच. बाकी +१.

खोली_नं_३०७ (८ डिसेंबर, रात्री १२:१०)

काका, आदरपूर्वक असहमत. डिस्कमध्ये तरी सगळा गेम असतो कुठे? टाकली की वीस-तीस जीबीचा अपडेट मागते. काही गेम तर नेटशिवाय उघडतच नाहीत. युबिसॉफ्टने 'द क्रू' या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले, ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांची पण फक्त बशी झाली.

डिस्कवाले_काका_सांगली (८ डिसेंबर, सकाळी ८:०२)

अगदी खरं, लेका. माझ्या दुकानात त्या गेमच्या तीन बशा आहेत. एक चहाच्या कपाखाली. म्हणून घेताना विचारायचं: एकट्याने, नेट काढून चालतो का? चालतो तोच घ्यायचा. वहीत त्याच्यापुढं मी 'बिननेट' असं लिहून ठेवतो, भाव शंभर रुपये जास्त.

पिंग_पंडित (८ डिसेंबर, सकाळी ९:३५)

काकांचा मुद्दा पटला, एक भर घालतो.  क्लाऊडवाल्यांचा खर्च नेटफ्लिक्सपेक्षा वेगळा आहे. सिनेमा एकदा साठवला की एकाच सर्व्हरवरून हजारो लोक बघतात. गेममध्ये तुम्ही खेळत असेपर्यंत एक अख्खं ग्राफिक्सचं पोट तुमच्या एकट्याच्या नावावर अडकतं. आणि सगळ्यांना खेळायचं असतं रात्री आठ ते अकरा. दुपारी ती यंत्रं रिकामी. म्हणून एनव्हिडिया या ग्राफिक्स चिपवाल्या कंपनीच्या क्लाऊड सेवेत महिन्याला १०० तासांची मर्यादा आहे. ही गोष्ट नेटफ्लिक्सच्या भावात कधी बसेल असं मला वाटत नाही.

गोदाकाठची_स्वाती (२८ डिसेंबर, रात्री ८:४५)

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय, क्षमस्व. सगळ्यांचे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले घरात. पुराच्या डिस्कांपाशी सासरे म्हणाले, परत वाच.

आम्ही असं केलं. पुतण्याच्या म्हणण्याला मान देऊन आधी ४९९ भरले, त्याचाच जुना कंट्रोलर आणला आणि माझा लॅपटॉप टीव्हीला जोडला. सकाळी खरंच छान चाललं. एक गोष्टीचा गेम चिरंजीवांनी पाच दिवसांत संपवला, पुतण्या फुशारला. मग रात्रीचे प्रयोग. साडेआठला सासरे मोबाइलवर बातम्या लावतात, अहो लॅपटॉपवर ऑफिसच्या मीटिंगला, वरच्या मजल्यावरच्यांचं वाय-फाय कुठलं कुठे येतं कोण जाणे. फुटबॉलमध्ये पेनल्टी होती. याने बटण दाबलं, खेळाडू उभाच, पडद्यावर चौकटी चौकटी, आणि मग एकदम बॉल गोलकीपरच्या हातात. पोरगा ओरडला नाही, कंट्रोलर गादीवर हळूच ठेवला. तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

पिंगदादा, राउटरपासून हॉलपर्यंत वायर ओढायची म्हटली तर देवघराच्या चौकटीतून न्यावी लागते. सासूबाईंनी नाही म्हटलं. विषय संपला.

काल डिस्कवाला घेतला. सासऱ्यांनी दुकानात पहिला प्रश्न विचारला, "भोक आहे ना?" दुकानदाराला कळेना. क्लाऊडचा महिना संपेपर्यंत ठेवलाय, पुढे भरणार नाही. पण पुतण्याने सांगितलेली एक सोय पटली, आधी तिकडे चाखून बघायचं आणि आवडला तर डिस्क शोधायची.

काका, दोन प्रश्न आहेत. टीव्हीचा 'गेम मोड' सापडला, पण तो लावल्यावर सासऱ्यांच्या मालिका पिवळट दिसतात, रोज बदलत बसायचं का? आणि नाशकात जुन्या डिस्का घेतल्या, त्यातल्या एकीवर मागून बारीक गोल रेघ आहे.

डिस्कवाले_काका_सांगली (२८ डिसेंबर, रात्री १०:३१)

अभिनंदन ताई. टीव्हीत प्रत्येक एचडीएमआयची सेटिंग बहुतेक वेगळी साठते. मशीन दोन नंबरला लावा, गेम मोड तिथंच ठेवा, आजोबांचा सेटटॉप एक नंबरला. मालिका गोऱ्या राहतील.

डिस्क लाइटखाली तिरकी धरा. रेघेवरनं नख फिरवा. नख अडकलं नाही तर बिनघोर घाला. अडकलं तर उद्याच्या उद्या परत करा, आणि मशीन उभं ठेवलं असेल तर डिस्क आत फिरत असताना हलवू नका. बहुतेक गोल रेघा तशाच पडतात.

गोदाकाठची_स्वाती (२८ डिसेंबर, रात्री १०:४४)

नख अडकत नाही. सासरे आत्ता टॉर्च घेऊन बाकीच्या तपासतायत.